तीन हात कोटिंग

३ ऑगस्ट १९९७, रविवार

रंगवाल्या कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर टीव्हीच्या एका पायाखाली होती. आज काढली. टीव्ही डुगडुगू दे थोडा. माझ्यासारख्या माणसाने मोठं काम अंगावर घेतलं की ते लिहून ठेवावं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात गणपती मंडळाची सभा झाली. आमच्या लेझीम पथकाचे वस्ताद लोटूआप्पा उभे राहिले आणि म्हणाले की विसर्जन झालं की ते सुरत सोडून कायमचे दोंडाईचाकडे गावी चालले. गुडघे गेले, आणि म्हातारीही वर्षभरापूर्वी गेली. इथे कुणासाठी राहायचं? पांडेसऱ्यात आम्ही खानदेशातून आलो तेव्हा सगळ्यांच्या हातात पहिल्यांदा लेझीम देणारा हा माणूस.

गेल्या वर्षीची गोष्ट कुणी काढली नाही, पण ती सगळ्यांच्या मनात होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत उधना दरवाज्याच्या वळणावर पाऊस कोसळला आणि अख्खं पथक फरसाणवाल्याच्या छपराखाली पळालं. काहींनी तर लोचो मागवून खाल्ला. आप्पा एकटेच भर पावसात गणपतीपुढे शिट्टी वाजवत नाचत राहिले. मी लोचो खाल्ला नाही. नुसता हातात धरला होता.

आप्पा एवढंच म्हणाले, "या डाव नदीलगून सगळा संगे चाला रे भो. मंग मी सुखमा जासू."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आप्पा, या वर्षी सगळ्या पथकाला वॉटरप्रूफ जाकिटं! माझ्या हातची! थेंब आत जाणार नाही आणि माणूस बाजूला जाणार नाही!" टाळ्या पडल्या. सेक्रेटरी पंडितने लगेच ठराव लिहून घेतला. तो माणूस शिंक आली तरी ठराव लिहितो.

घरी आल्यावर शोभाने विचारलं, "जाकिट कधी शिवं व्हतं तुम्ही?" मी म्हटलं, शिवणार आपला धुडकू टेलर. मी कापड करणार. कापड चांगलं तर सगळं चांगलं.

७ ऑगस्ट

आमच्या कारखान्याच्या शेठने सेकंडचा माल गणपतीला दिला. रंगाची शेड बिघडल्यामुळे पडून राहिलेलं टफेटा कापड. अर्धा पोपटी, अर्धा जांभळा. अट एकच, पाठीवर कारखान्याचं नाव हवं. देवाच्या मिरवणुकीतही शेठ धंदा विसरत नाही, म्हणून तर तो शेठ.

कोटिंगच्या मशीनवर आज स्वतः उभा राहिलो. गेली किती वर्षं मी छत्रीचं कापड करतोय. पेस्ट ओतायची, पात्याने सारखी पसरायची, भट्टीतून काढायची. माझ्या कापडाची छत्री गळली अशी तक्रार पांडेसऱ्यात आजवर आलेली नाही. पलसाण्याच्या मिलवाल्यांनी मला दोनदा बोलावलं होतं. गेलो नाही. जाताना बस बदलावी लागते.

१० ऑगस्ट, रविवार

धुडकूने पहिलं जाकीट शिवून आणलं. धुडकू माझा लहानपणचा दोस्त, एकाच गाडीने सुरतला आलो. हात बरा आहे, पण डोकं शिलाई मशीनच्या तालावर चालतं. पाठीवर त्याने उगाच एक झालर लावलीय, खांद्यापासून लोंबणारी. म्हणाला, "जाकिटले शोभा येस." राहू दिली. कलाकाराला थोडं मोकळं सोडावं.

चाचणी घेतली. जाकीट घालून मी मोरीत उभा राहिलो आणि शोभाला बादल्या ओतायला सांगितलं. बादलीभर पाणी, मग दुसरी, मग तिसरी. आत कोरडा ठणठणीत! चौथी बादली ओतायची गरज नव्हती, पण तिने ओतली. पाचवी तर तोंडावर ओतली. लग्न झाल्यापासून तिला इतकं खूष पाहिलं नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार

घात झाला.

सगळी जाकिटं तयार. शाळेच्या मैदानात पहिला सराव. आभाळ कोरं, कडक ऊन. अर्धं पथक पोपटी, अर्धं जांभळं, लोक सायकली थांबवून बघत होते. आप्पांनी शिट्टी मारली, हलगी कडाडली, लेझीम सुरू झालं. थोड्याच वेळात एकेक जण गळ्याशी बोट घालायला लागला. सराव संपला, जाकिटं काढली तर प्रत्येकजण आतून नखशिखांत ओला. पंडितने बाही पिळून दाखवली. मुद्दाम माझ्या चपलेवर.

पाऊस नाही आणि आत पाणी! हे आलं कुठून?

१८ ऑगस्ट

दिवसभर मशीनवर विचार केला आणि कारण सापडलं. सुरतची हवा. इथे पापड वाळत नाही, मीठ डब्यात चिकटून बसतं. ही ओली हवा शिवणीच्या टाक्यांतून आत शिरते आणि आत गेल्यावर तिचं पाणी होतं. कापडात दोष नाही. कापड माझं आहे. दोष धुडकूच्या टाक्यांत.

रात्री जेवताना शोभाला सगळं समजावून सांगितलं. तिने भाकरीचा डबा पुढे ठेवला, झाकण उघडलं आणि वरची भाकरी उलटी करून मला दाखवली. म्हणाली, "जवय भाकर गरम ऱ्हास ना, तवय झाकी ठेवी तं पानी सुटस. दखा, कशी गिच्च व्हयनी."

मी म्हटलं, मी केमिकलचं बोलतोय आणि तू भाकरीचं काय काढलंस? आणि भाकरी गिच्च झाली असेल तर डबा घट्ट बंद होत नसेल, दुसरा आण. तिने डबा आणला नाही. मग ती गिच्च भाकरी मलाच वाढली.

२४ ऑगस्ट, रविवार

सगळी जाकिटं परत गोळा केली. कारखान्यातून पेस्ट आणली आणि ब्रशने आतून-बाहेरून दुसरा हात दिला. शिवणींवर तिसरा. मनगटाला घट्ट इलॅस्टिक, गळ्याला घट्ट इलॅस्टिक, कमरेला नाडी. आता ओली हवा शिरून दाखव म्हणावं!

वाळल्यावर जाकिटं इतकी कडक झालीत की भिंतीला टेकवली तर आपापली उभी राहतात. खोलीत माणसं भरल्यासारखं वाटतं. शोभा सकाळी उठली आणि अंधारात त्यांना बघून किंचाळली. नंतर शेजारणीला सांगत होती, "माले वाटनं, मंडळच ईसन बठनं."

३१ ऑगस्ट, रविवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आज आप्पांनी मिरवणुकीतला पूर्ण खेळ घेतला. मध्यावरच पंडित लालबुंद झाला, मग पांढरा झाला, आणि "ठराव..." एवढं बोलून खाली बसला. जाकीट काढायला चार जण लागले. इलॅस्टिक सोडल्यावर मनगटातून धार लागली. पोरांनी आपापली जाकिटं मैदानात काढून टाकली आणि साफ सांगितलं, पाऊस येवो नाहीतर गारा, हे घालणार नाही. आप्पा खांबाला टेकून धापा टाकत होते. मला म्हणाले, "बन्सी, हाई जाकिट शे का भट्टी?" पण त्यांनी ते काढलं नाही. माझं मन मोडू नये म्हणून तो म्हातारा भट्टीत उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी सगळ्यांदेखत धुडकूला झापलं. म्हटलं, तुझी शिवण गळते, तुझ्यामुळे माझ्या कापडाला नाव ठेवतात.

धुडकू शांतपणे म्हणाला, "मनी शिवण गळत नही. तुनं डोकं गळस."

लोक हसले. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तो म्हणाला, नाचतोय कोण आणि अंगण कोण, ते ठरव आधी. मग मी त्याच्या बापापर्यंत गेलो. तो माझ्या बापापर्यंत आला. दोघांचेही बाप एकाच बांधावर बसून विडी ओढायचे, तरी. आता आमचं बोलणं बंद. तिशी उलटून गेलेली दोस्ती काखेतल्या एका टाक्यावरून तुटली.

३ सप्टेंबर

भात गोड लागत नाही. (शोभा म्हणते दोन ताटं लागला.)

आप्पा घरी आले होते. जाकिटाचं काही बोलले नाहीत. त्यांची जुनी लेझीम दाखवायला आणली होती, दांड्यावर बोटांचे खड्डे पडलेत. म्हणाले, मिलमध्ये पहिल्या वर्षी रोज पळून जावंसं वाटायचं. मग एका गणपतीत कुणीतरी हातात ही दिली आणि वाटलं की चला, आपली माणसं इथेही आहेत. निघताना म्हणाले, "पाऊस उना तरी मी जासूच. एकला बी जासू."

हे ऐकल्यापासून मनात एकच आहे. या वर्षी पाऊस आला आणि पोरं पुन्हा पळाली, तर त्या म्हाताऱ्याची सुरतेतली शेवटची आठवण फरसाणवाल्याचं छप्पर असेल. आणि ते पाप माझं. बडबड मीच केली होती. बोलून चालून छत्रीचा माणूस मी, जाकिटाच्या वाटेला जायला नको होतं.

४ सप्टेंबर

शोभाने सगळी जाकिटं चादरींत बांधली. म्हणाली, पेस्टचा वास मारतोय, धुऊन ऊन दाखवते. धुडकूची बायको मंगलाबाई गाठोडी उचलायला आली होती. आम्ही नवरे बोलत नसलो तरी ह्या दोघी बोलतात, आणि बोलतात म्हणजे काय, थांबतच नाहीत. मी विरोध केला नाही. नजरेसमोरून ती जाकिटं गेली तेवढंच बरं.

९ सप्टेंबर

शुक्रवारी गणपती बसले. आरतीला धुडकू डावीकडे, मी उजवीकडे. टाळ मात्र एकाच तालात वाजले, त्याला नाइलाज.

जाकिटं परत आली. शोभा म्हणाली, "धुई काढ्यात. बटनं बी घट्ट कऱ्यात." बटणं घट्ट करायला चार दिवस? बायकांच्या कामाला वेळेचं भान नसतं. पोरांच्या घरी जाऊन तिनेच वाटली आणि काय जादू केली माहीत नाही, सगळी घालायला तयार झालीत.

दाढीची सगळी ब्लेडं बोथट झालीयत. नवं पाकीट होतं. गाल सोलून निघाले. पंडित परवा आला होता, त्यानेच नेऊन वापरून परत ठेवली असणार. सेक्रेटरी झाला म्हणून काय झालं?

१६ सप्टेंबर

हात दुखतायत, पाय दुखतायत, घसा बसलाय, आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही. काल विसर्जन झालं.

दुपारीच आभाळ भरून आलं. उधना दरवाज्याच्या वळणावर, बरोबर गेल्या वर्षीच्याच जागी, पाऊस आला. असा की समोरचा ट्रक दिसेना. फरसाणवाल्याने तर आम्हाला बघून छपराखालची बाकडी सरकवून जागा केली. मी मागच्या रांगेत होतो. मी पोरांच्या पाठी बघत होतो, कोण आधी सुटतं ते.

आप्पांनी वळून एकदा पथकाकडे पाहिलं. शिट्टी ओठांत होती पण वाजवली नाही.

एकही माणूस हलला नाही.

मग आप्पांनी अशी शिट्टी मारली की हलगीवाला दचकला. आणि आम्ही जे सुटलो! चार पावलं पुढे, बसून दोन ठोके, उठून गिरकी, हात आभाळात. पाणी जाकिटांवरून धारांनी ओघळत होतं. ज्यांनी दुकानांच्या आडोशाला धाव घेतली होती ते गुजराती लोकसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. पंडित इतका नाचला की त्याचा ठरावांचा कागद वाहून गेला. आप्पांचे गुडघे कुठे दुखत होते कोण जाणे, आम्हाला तर दिसले नाहीत.

तापीच्या ओवाऱ्यापर्यंत, अगदी घाटाच्या पायऱ्यांपर्यंत, सगळे एकत्र पोचलो. आप्पांनी आपली लेझीम गणपतीच्या पायाशी ठेवली, पुन्हा उचलली आणि कपाळाला लावली. मी रडलो. पावसात कुणाला कळलं नाही. धुडकू बाजूलाच उभा होता, त्याचंही नाक लाल होतं.

आता मुद्द्याचं. जाकिटं काढली तर आत जवळजवळ कोरडी! थोडा दमटपणा, बस. नाचताना तर मला आतून चक्क गार वारा लागत होता. मी नेहमी सांगतो, चांगलं कोटिंग लोणच्यासारखं असतं, मुरावं लागतं. तीन हात दिले होते, ते आता मुरले. शोभाला तसं सांगितलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली. भरून आलं असेल तिला.

धुडकू माझ्याकडे बघून हसत होता. हरलेला माणूस हसणारच.

१८ सप्टेंबर

शेठने केबिनमध्ये बोलावलं! मिरवणुकीत पाठीवरचं नाव त्याने पाहिलं. "बन्सीभाई, आ तो जोरदार छे!" त्याचा भाचा सापुताऱ्याला डोंगर चढायला जाणारी मंडळी घेऊन जातो, त्यांना जाकिटं हवी आहेत. भरभर चढताना, पळताना घालायची. मी म्हटलं, शेठ, तीन हात कोटिंग, शिवण बंद, गळा बंद, मनगट बंद. हवा म्हणून आत शिरणार नाही. शेठ म्हणाला, आठवड्यात एक नमुना.

धुडकूकडे गेलो नाही. बाजारातल्या एका टेलरकडून शिवून घेतोय, झालर नाही, काही नाही. निव्वळ शास्त्र.

२० सप्टेंबर

भाच्याने नमुना घातला आणि कारखान्याचा जिना वर-खाली तीनदा पळाला. खाली आला तो तोंड टोमॅटोसारखं. जाकीट काढलं तर शर्ट अंगाला चिकटलेला. शेठने शर्टाला बोट लावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बन्सीभाई, बाहर बारिश तो नहीं है."

मी म्हटलं, अजून मुरलेलं नाही, शेठ.

सोमवारपर्यंत मुदत दिलीय. मुरवायचं कसं ते मात्र मला ठाऊक नाही. त्या जाकिटांत काय होतं जे ह्यात नाही? कापड तेच, पेस्ट तीच, हात तेवढेच. डोकं चालेनासं झालंय.

२१ सप्टेंबर, रविवार

आप्पांना पोचवायला उधना स्टेशनवर गेलो. झिमझिम पाऊस होता. सगळं पथक आलं होतं, सगळे जाकीट घालून, मीही. फलाटावर पोपटी आणि जांभळी गर्दी बघून हमाल विचारत होते, कोणतं बँड पथक? धुडकू माझ्यापासून दोन हातांवर उभा. आप्पांची ट्रंक डब्यात चढवताना एक कडी त्याच्या हातात, एक माझ्या. बोललो नाही.

भुसावळ पॅसेंजर हलली. आप्पा जांभळ्या जाकिटात दारात उभे राहिले. आम्हाला वाटलं हात हलवतील. त्यांनी लेझीम काढली आणि हात पूर्ण वर करून एक शेवटचा ठोका दिला.

आणि त्यांच्या काखेतून पांढरं बनियन दिसलं.

हातभर नाही, पण चांगली वीतभर फट. मी ओरडलो, "धुडकू! आप्पांची शिवण उसवलीय!" तीन आठवड्यांनी मी त्याच्याशी बोललो ते हे.

धुडकू गाडीकडेच बघत म्हणाला, "उसवेल नही. कापेल शे. सगळासनी."

"कुणी कापली?"

"वहिनीनी. ब्लेड लिसन. मी फक्त कोर मुडपी दिनी. आन झालरखाले बी एक खिडकी शे, तुना पाठीवर."

मी हात वर केला. काखेत वारा शिरला. तोच गार वारा. पाठीमागे हात घातला, झालरीखाली बोटं सरळ बनियनला लागली. इतके दिवस मी दोन खिडक्या आणि एक झरोका अंगावर घेऊन फिरत होतो आणि लोकांना लोणच्याच्या गोष्टी सांगत होतो.

मला सुचलं ते एवढंच, "माझी ब्लेडं!"

धुडकू हसायला लागला. फलाटावर खाली बसून हसला. मला राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर वळणावरची ती रांग आली, एकही माणूस न हललेली, आणि आप्पांनी वळून बघितलेलं. ते कोणामुळे झालं ह्याचं मला आता काही वाटेना. झालं, एवढं पुरे होतं. मीही त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, तुझी शिवण गळत नाही, बाबा. तो म्हणाला, माहीत आहे.

घरी येऊन शोभाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती पीठ मळत होती. म्हणाली, "सांगेल व्हतं ना. भाकरनी टाईमले."

माणूस नाचतो तेव्हा आतून पाऊस पडतो, आणि मी इतके दिवस दारं लावत होतो. असो. आज भाकरीच्या डब्याचं झाकण मी स्वतः तिरकं ठेवलं.

आता उद्याचं. उद्या शेठला सांगायचंय की त्याच्या वॉटरप्रूफ जाकिटाला भोकं पाडायची आहेत. शेठ मला आधी बसवेल, मग पाणी देईल, मग हाकलेल. धुडकूला सोबत नेतो. बोलेन मी, हात वर करून तो उभा राहील.